जिभेचं पिअर्सिंग बरं होतं आणि सूज पुन्हा येते: कुठे बघायचं, काय बदलायचं

पहिला आठवडा कसाबसा काढलेला असतो. सूज उतरते, वरण-भातावरून माणूस पुन्हा पोळी-भाजीवर येतो. मग महिना-दीड महिन्याने एके सकाळी जीभ परत जड वाटते आणि खालच्या बाजूला पिअर्सिंगच्या बॉलच्या शेजारी लाल, दुखरा उंचवटा दिसतो. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या की तो दोन-चार दिवसांत बसतो आणि पंधरवड्याने पुन्हा हजर होतो. दुसऱ्या खेपेला मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणलं जातं, तिसऱ्या खेपेला त्याहून ‘स्ट्राँग’.

इंदूरमध्ये दातांचा दवाखाना चालवताना ही तक्रार मी वारंवार ऐकते. आलेल्या मुलामुलींनी बहुधा एक-दोन कोर्स आधीच पोटात घातलेले असतात. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. सुरुवातीची जखम भरल्यानंतर अशी ये-जा करणारी सूज बहुतेकदा जंतुसंसर्गाची नसते. बार, म्हणजे दोन्ही टोकांना बॉल असलेली, जिभेतून आरपार जाणारी दांडी, गरजेपेक्षा लांब राहिलेला असतो, नाहीतर खालच्या बॉलवर कीटण साचलेलं असतं, आणि बरेचदा दोन्ही एकदमच असतं. गोळ्यांनी बार आखूड होत नाही आणि कीटणही निघत नाही. तरी गोळी लागू पडल्यासारखी वाटते, कारण घासल्यामुळे आलेली सूज तशीही तीन-चार दिवसांत ओसरते आणि कोर्स पाच दिवसांचा असतो. श्रेय गोळीला जातं, कारण तोंडात तसंच राहतं.

आधी हे नाही ना, ते बघा

पुढचं सगळं शांतपणे तपासायचं आहे, पण काही लक्षणं दिसली तर हे वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली जाणं, हनुवटीखाली किंवा जबड्याखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, लाळ गिळता न येणं, तोंड पुरतं न उघडणं, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज येणं, श्वासाला त्रास. तोंडाच्या तळाशी पसरणारा संसर्ग काही तासांत श्वासाची वाट अडवू शकतो. असं क्वचितच होतं, पण पिअर्सिंगनंतर झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहायची नाही. १०८ला फोन करा किंवा इंदूरच्या एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, हिरवट आणि घाण वासाचा पू, सूज रोज वाढत जाणं, हा खरा संसर्ग. तिथे अँटिबायोटिक हवंच, पण तोंड उघडून बघणाऱ्या डॉक्टरांनी दिलेलं. पू असताना बार स्वतः उपसून काढू नका. जिभेचं छिद्र फार लवकर मिटतं आणि पू आतच कोंडू शकतो. बार ठेवायचा की काढायचा, हे डॉक्टर ठरवतील.

रक्ताचं एक सांगते. टोचल्यावर पहिल्या दिवशी थोडं रक्त येणं चालतं. धार लागली किंवा रक्त थांबेना, तर स्वच्छ गॉज जिभेच्या वरून आणि खालून धरून घट्ट दाबा, दहा-पंधरा मिनिटं सोडून बघू नका, आणि दाबलेल्या अवस्थेतच हॉस्पिटलला निघा. जिभेच्या मध्यरेषेत मोठ्या रक्तवाहिन्या नसतात, मुख्य धमन्या दोन्ही बाजूंनी जातात. टोचणाऱ्याचा हात मध्यरेषेपासून हलला, की त्यांच्याशी गाठ पडते.

पहिल्या दोन आठवड्यांतली सूज वेगळी

ही सूज येणारच. पहिल्या दिवसापासून वाढते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आठवडाभरात उतरू लागते. छिद्रातून येणारा पांढरट-पिवळसर पातळ स्राव म्हणजे पू नव्हे. जखम भरताना येणारी ती लस, वाळली की बारवर तिचा पापुद्रा दिसतो. या दिवसांत स्वच्छ पाण्याच्या बर्फाचे बारीक तुकडे चघळावेत, रात्री डोकं उंच ठेवून झोपावं, कमी बोलावं. गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ नको.

दुखण्यावर आयबुप्रोफेन अनेकांना चालतं. दमा, अल्सर, किडनीचा विकार किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर मुळीच नको, पॅरासिटामॉलच घ्या. आपल्याकडे त्या दिवसांत डेंग्यू असतो आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘पिअर्सिंगमुळेच ताप आला असेल’ असं धरून चालू नका.

बारची लांबी: पहिला संशय इथे घ्या

टोचताना मुद्दाम लांब बार घालतात, साधारण २० ते २२ मिलिमीटरचा, कारण सूज आली की जीभ जाड होते आणि बारला जागा लागते. सूज उतरल्यावर, म्हणजे दोन ते चार आठवड्यांनी, त्याच जागी आखूड बार घालायचा असतो. बहुतेकांना १४ ते १६ मिलिमीटर पुरतो. ही दुसरी फेरी म्हणजे पिअर्सिंगचाच अर्धा भाग आहे, पण नेमकी तीच राहून जाते. स्टुडिओत कोणी सांगितलेलं नसतं, सांगितलं असलं तर त्या वेळच्या धाकधुकीत ऐकलेलं नसतं, आणि दुखायचं थांबल्यावर परत कोण जातं!

आरशासमोर उभे राहा, मोबाइलचा टॉर्च लावा. जीभ बाहेर ताणू नका, ताणली की ती पातळ होते आणि अंदाज चुकतो. तोंड उघडून जीभ सैल सोडा, वरचा बॉल जिभेला टेकवा, मग टोक हलकेच उचलून खाली बघा. खालचा बॉल आणि जीभ यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट असेल तर ठीक. बार पाच-सहा मिलिमीटर उघडा दिसत असेल, तर सुजेचं कारण बहुतेक सापडलं.

लांब बार दिवसभर वर-खाली सरकतो. प्रत्येक शब्दाला, प्रत्येक घासाला. सरकताना तो छिद्राचं नाजूक अस्तर खरवडतो आणि बारवरचा चिकट थर आत ओढून नेतो. झोपेत तो दातांमध्ये सापडतो. शिवाय लांब बार असला की चाळा लागतो, दातांवर वाजवणं, दातांच्या फटीतून पुढे ढकलणं. परीक्षेच्या काळात हे फार वाढतं. रात्र जागून अभ्यास करणाऱ्या मुलांची सूज पेपर संपले की आपोआप गेल्याचंही मी पाहिलं आहे.

उपाय एकच, आखूड बार. पण पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तो घरी बदलू नका. बार बाहेर आला की काही मिनिटांत छिद्र आकसायला लागतं आणि नवा बार जबरदस्तीने घुसवताना आत नवी जखम होते. ज्यांनी टोचलं त्यांच्याकडे जा. तिथला अनुभव वाईट असेल तर दुसऱ्या, नीट निर्जंतुकीकरण करणाऱ्या स्टुडिओत जा. आणि भर सुजेत बार आखूड करून घेऊ नका. सूज बसू द्या, मग.

याच्या उलटंही होतं. घाईने फार आखूड बार घातलेला असतो आणि जीभ थोडी सुजली की बॉल आत रुतू लागतो. बॉलखाली जिभेला उथळ खळगा पडणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. बॉलच्या कडांवर त्वचा चढताना दिसली, किंवा सकाळी बॉल निम्मा गायब वाटला, तर त्याच दिवशी लांब बार घालून घ्यायला हवा. पुरता आत गेलेला बॉल चीर देऊन काढावा लागतो.

खालचा बॉल: आरशात न दिसणारी बाजू

लांबी बरोबर आहे आणि तरी सूज येते, तर खालच्या बॉलकडे वळा. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखाली, लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात. तिथल्या लाळेत कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून तोंडात कीटण सगळ्यात लवकर त्याच दातांच्या मागच्या बाजूला धरतं. खालचा बॉल बसतो तोही तिथेच.

मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या एक आजी कॉलेजात जाणाऱ्या नातीला घेऊन आल्या. नातीची सूज वरचेवर येत होती. आजींचं म्हणणं असं, "डॉक्टर, हिचे कान टोचले तेव्हा खोबरेल तेलात हळद कालवून लावली, रोज कडी फिरवली, आठ दिवसांत कान बरे. जिभेलाही तेच करतोय, मग ही का सुजते?" कानाच्या बाबतीत घरोघरी हेच होत आलं आहे. मी त्यांना म्हटलं, "आजी, जीभ चोवीस तास ओली असते. तिथे खपली धरत नाही, तेल टिकत नाही, आणि बार फिरवला की भरत आलेलं आतलं अस्तर पुन्हा फाटतं."

मग छोटा आरसा जिभेखाली धरला. वरचा बॉल चकचकीत होता. खालच्यावर मात्र पिवळट-करडा खरखरीत थर, अर्ध्या बॉलला वेढून थेट बारवर चढलेला, आणि त्यात हळदीचे कण अडकलेले. स्केलर (कीटण काढायचं उपकरण) लावल्यावर कर्रकन आवाज करत त्याचा कपचा निघाला. त्या खरखरीत कडेच्या बरोबर समोर जिभेवर लाल उंचवटा होता. बोलताना तीच कड तिथे घासत होती. बार लांबही होताच. बॉल साफ केला, स्टुडिओतून बार आखूड करून घ्यायला सांगितलं, हळद-तेल आणि फिरवणं बंद केलं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ती दात साफ करायला येते, सूज आलेली नाही. हळदीबद्दल मला काही तक्रार नाही, पण कण असलेली कुठलीही गोष्ट त्या छिद्राजवळ नको.

घरी करायचं ते एवढंच: लहान मुलांसाठी मिळतो तसा अगदी मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, जीभ वर उचलून खालचा बॉल आणि दिसणारा बार हलक्या हाताने घासायचा. जखम भरल्यानंतरच. एकदा दगडासारखं झालेलं कीटण ब्रशने जात नाही आणि नखाने, पिनेने खरवडायचंही नाही. ते दातांच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. एम.वाय.जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीतही दात-सफाई होते आणि ती विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडते. एक लक्षात ठेवा, दंतवैद्याकडे सहसा बार नसतात आणि पिअर्सिंगवाले कीटण काढत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे जायची तयारी ठेवा.

जीभ पांढरी पडली असेल तर

काळजी घेणाऱ्या मुलांना हा त्रास जास्त होतो. दर तासाला माउथवॉश, तोही जळजळणारा, अल्कोहोलवाला. किंवा क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश महिना-महिना. क्लोरहेक्सिडिन चांगलं औषध आहे, पण ठरावीक दिवसांसाठी. फार दिवस वापरलं की दात आणि जीभ तपकिरी होतात, चव बिघडते. त्यावर अँटिबायोटिकचे कोर्स चढले, की तोंडातले नेहमीचे जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. दह्यासारखे पांढरे चट्टे, पुसले की खाली लाल आणि हुळहुळं, मसाला लागला की आग, असं असेल तर बुरशी समजा आणि डॉक्टरांना दाखवा. तिचं औषध वेगळं असतं. आणखी अँटिबायोटिक घेतलं तर ती वाढेल.

गुळण्यांसाठी उकळून गार केलेलं पेलाभर पाणी आणि त्यात चहाचा पाव चमचा मीठ. जास्त मिठाने जास्त गुण येत नाही, जखम फक्त कोरडी पडून चुरचुरते. जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार-पाच वेळा, अर्धा मिनिट. पुरे.

धातू

सूज कमी, खाज आणि लाली जास्त, छिद्र सैल होत चाललेलं, ताप नाही, असं चित्र असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. इमिटेशनच्या कानातल्यांनी कान चिघळतात का? जीन्सच्या बटणाने पोटावर पुरळ येतं का? उत्तर हो असेल तर संशय बळावतो. ऑनलाइन दहाच्या पाकिटात येणाऱ्या ‘सर्जिकल स्टील’वर विसंबू नका. काही जण लोहचुंबक लावून बघतात, त्याला अर्थ नाही, कारण चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलमध्येही निकेल असतं. एफ १३६ दर्जाचा, शरीरात बसवायच्या रोपणांसाठी वापरतात तो टायटॅनियम मागा. त्यात निकेल नसतं. तोंडात चांदी नको, ती काळी पडते.

सराफा, पोहे आणि पान

इंदूरच्या माणसाला ‘तिखट खाऊ नका’ सांगणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. जखम भरली की सगळं खाता येतं. पण पहिले दोन-तीन आठवडे आणि सूज परतली असेल तेव्हा काही गोष्टी टाळाच. पोह्यांवरचं जीरावन (वरून भुरभुरतात तो मसाला) आणि बारीक शेव यांनी आग तर होतेच, शिवाय शेवेचे तुकडे आणि जीरावनाची पूड बारच्या कडेला जाऊन बसते. गरम जिलबीचा पाक चिकटून राहतो. हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारातल्या गराडूच्या (तळलेला कंद) कडक कडा जिभेला टोचतात. मऊ मुगाची खिचडी, दही-भात, गार दूध, शिऱ्यासारखं काही, यावर भागवा. साबुदाण्याची खिचडी हवीच असेल तर दाण्याचं कूट आणि वरचा मसाला वगळून.

पानाचं मात्र मी ठासून सांगते. तंबाखू नसलेल्या मिठ्या पानातही चुना आणि सुपारी असते. चुन्याने ओली जखम भाजते, सुपारीचे कण छिद्रात शिरतात. सिगारेट, व्हेप, गुटखा यांनी जखम भरणं लांबतं, आणि हे चालू असेल तर वर सांगितलेला एकही उपाय टिकणार नाही. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) जवळ आली असेल तर टोचायचं पुढे ढकला. तोंडात रंग गेल्याशिवाय राजवाड्यावरून कोणी घरी येत नाही.

सूज गेली तरी दात बघा

सूज निदान दुखते म्हणून तुम्ही येता. दातांचं नुकसान मात्र बिनबोभाट होतं. बॉल चावला जाऊन दाढांचे कपचे उडतात, बारीक चिरा पडतात. खालच्या पुढच्या दातांच्या मागची हिरडी बॉलच्या घासण्याने खाली सरकते. लांब बार आणि वर्षानुवर्षांचा वापर यांनी हे वाढतं, आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. टॉर्च लावून त्या दातांची मागची बाजू बघा. एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब वाटतोय, मुळाजवळ पिवळसर दिसतोय, गार पाण्याने झिणझिणतोय, तर हिरडी सरकायला लागली आहे.

इथे मी आडपडदा ठेवत नाही. हिरडी सरकू लागली असेल तर बार काढा, असंच मी सांगते. बार जिभेच्या टोकाशी आडवा, दोन बॉल डोळ्यांसारखे दिसतील असा घातला असेल, तर आखूड-लांब करण्याच्या फंदातच पडू नका. तो जिभेच्या दोन्ही बाजूंच्या, वेगवेगळ्या हलणाऱ्या स्नायूंना एकत्र जखडतो, सूज येत राहते आणि दात झिजत राहतात. काढणं हाच उपाय.

अजून टोचलं नसेल आणि आधी वाचताय, तर चार गोष्टी. हृदयाची कृत्रिम झडप, जन्मजात हृदयदोष किंवा पूर्वी हृदयाच्या अस्तराचा संसर्ग झाला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको, तोंडातले जंतू रक्तातून थेट तिथे पोचतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह आटोक्यात नसेल तरी नको. हेपटायटिस बीची लस पुरी करून घ्या; तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. आणि सीलबंद, एकदाच वापरायची पोकळ सुई तुमच्या डोळ्यांदेखत उघडली गेली पाहिजे. टोचणाऱ्याच्या हातात कान टोचायची गन दिसली तर उठून या.

ज्यांचा बार आहे त्यांनी रोज हात धुऊन दोन्ही बॉल घट्ट आहेत का बघावं, उजवीकडे फिरवलं की आवळतात. सैल बॉल गिळला गेला तर बहुधा पोटातून निघून जातो, पण त्यानंतर खोकला किंवा धाप लागली तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. लगेच एक्स-रे काढून घ्या. एमआरआय किंवा भूल द्यायची असेल तर आधीच सांगा आणि बार काढून ठेवण्याची सोय विचारा. टोचल्यापासून १२ महिने रक्तदान करता येत नाही. कॉलेजच्या शिबिरात फॉर्म भरताना हे लपवू नका.

बार आखूड करून आणि कीटण काढून दोन आठवडे द्या. त्यानंतरही सूज परतली, किंवा जागचा न हलणारा, कडक, न दुखणारा गोळा तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर बार बाजूला ठेवून तोंडाच्या शल्यचिकित्सकांना दाखवा आणि ते म्हणाले तर तुकडा तपासायला द्या.